तीन तासांची गप्प गल्ली

शनिवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना काजवाली तिसऱ्यांदा गल्लीच्या तोंडाशी जाऊन आली. जायला कारण काही नव्हतं. ठेकेदारांसाठी मांडलेली खुर्ची जागेवर होती, दोरीला चिमट्यांनी अडकवलेली पत्रकं जागेवर होती, आणि कोपऱ्यावरच्या फळवाल्यानं "वहिनी, अजून कुणी पळवली नाही हो खुर्ची" असं दोनदा सांगूनही झालं होतं. पण पायाला भिंगरी लागल्यासारखं तिचं आत-बाहेर चाललं होतं. घरात असली की वाटायचं, बाहेर काहीतरी बिनसलं असेल. बाहेर आली की वाटायचं, ठमी एकटी आहे.

काजवाली म्हणजे शर्टांना काज करून बटणं लावून देणारी. अठरा वर्षं दोन शिंप्यांचं काम तिच्याकडे येत होतं. तिला नावानं हाक मारणारी माणसं आता फक्त बँकेत आणि दवाखान्यात उरली होती. ठमी तिची मुलगी, वय वर्षं बारा. ठमी बोलत नसे. म्हणजे तोंडानं बोलत नसे. बाकी तिला काय हवं-नको ते सगळ्या घराला बरोबर कळायचं, आणि नाही कळलं तर ती कळेपर्यंत सोडायची नाही.

ठमी स्वमग्न मुलांच्या केंद्रात जायची. केंद्र हे भारदस्त नाव; खरं तर लॉण्ड्रीच्या डोक्यावरच्या तीन खोल्या, बावीस मुलं आणि तीन बाई. इस्त्रीची वाफ जिन्यातून वर यायची आणि पावसाळा असो नसो, भिंती ओल्या. पण तिथेच ठमी बुटांचे बंद बांधायला शिकली होती. तहान लागली की पेल्याचं चित्र उचलून दाखवायला शिकली होती. त्याआधी तहान लागली की ती किंचाळायची, आणि काजवाली दूध, पाणी, बाहुली, पांघरूण असं एकेक पुढे करत घरभर धावायची. त्या दिवसांकडे परत जाणं तिला परवडणारं नव्हतं.

आणि आता घरमालक म्हणत होता, महिनाअखेर वर्षाचं भाडं आगाऊ द्या, नाहीतर माल ठेवायला जागा हवी असलेलं गिऱ्हाईक माझ्या दारात उभं आहे.

म्हणून शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली होती. काजवालीनं तिच्यासाठी चार पानं लिहून नेली होती. पुस्तकं वाचून, बाईंना विचारून, खाडाखोड करून. ऑटिझम म्हणजे आजार नव्हे, प्रत्येक मूल वेगळं असतं, एकाला जे लागतं ते दुसऱ्याला चालत नाही. पहिल्या पानाच्या मध्यावर दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांनी अशी जांभई दिली की तिला त्यांची दाढ दिसली. दुसऱ्या पानावर मागचे दोघं हळूच उठले. बावीस मुलं डोळ्यांसमोर आली. तिनं पानांची गुंडाळी केली आणि जे बोलायचं मुळीच ठरवलं नव्हतं ते बोलून गेली.

"या मुलांना आवाज सोसत नाही हो! आपण एक हॉर्न वाजवतो आणि ती दिवसभर कानांवर हात दाबून बसतात. तीन तास, फक्त तीन तास आपली गल्ली त्यांच्यासाठी गप्प बसेल का? आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे त्या शांततेचे पैसे केंद्राला देईल का?"

हॉल जागा झाला. सुतार उठून म्हणाला, "माझी बायको तीन तास गप्प बसणार असेल तर मी दुप्पट देतो!"

"तुम्ही घोरणं थांबवा, मी तिप्पट देते!" मागून त्याच्या बायकोचा आवाज आला.

हशा झाला, टाळ्या झाल्या, आणि मग ठेकेदार उभे राहिले. गल्लीतली निम्मी घरं त्यांनीच बांधलेली. ते बोलायला उठले की लोक आपापल्या घराची ओल विसरून ऐकत.

"सगळी गल्ली मिळून जेवढे जमवेल," ते म्हणाले, "तेवढेच मी एकटा घालतो. पण अट घालून. दहा ते एक, एकही यंत्र चालता कामा नये. करवत नाही, मिक्सर नाही, मोटर नाही. एक जरी चाललं तर मी मोकळा. बिनअटीचा पैसा मी कुठे लावला नाही आणि लावणार नाही. आणि ज्या मुलांसाठी हे करायचं, त्यांतलं एक तरी मूल समोर दिसलं पाहिजे. लोकांना कळायला नको, कुणासाठी तोंड बंद केलंय ते?"

"ठमी असेल," काजवाली म्हणाली. जीभ चावली, पण टाळ्यांत ते कुणाला दिसलं नाही.

कारण आवाज सोसत नाही ही गोष्ट खोटी नव्हती. केंद्रातल्या बावीसांपैकी दहा-बारा जणांची तीच कथा होती. गल्लीत औषधाचं दुकान चालवणाऱ्या औषधवालीच्या भावाचीही तीच. फक्त ठमीची नव्हती. ठमीच्या घराची आणि शेजारच्या छापखान्याची भिंत एकच होती. छापखान्याचं जुनं यंत्र सकाळी नऊला सुरू व्हायचं, खट-धप्प, खट-धप्प, आणि ती भिंत दिवसभर मांजरासारखी घुरघुरत राहायची. ठमी पाळण्यात होती तेव्हापासून त्या भिंतीला हात लावून झोपली होती. केंद्रातून आली की दप्तर टाकून आधी भिंतीला तळवे, मग गाल. दोन्ही डोळे मिटून, चेहरा असा निवांत, की तिच्याकडे बघून काजवालीलाही घटकाभर बसावंसं वाटायचं. रविवारी छापखाना बंद. म्हणून रविवारी ठमीचा बाप तिला आपल्या ड्युटीच्या बसमध्ये घेऊन जायचा. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, इंजिनाच्या घरघरीवर, ती सहा-सहा तास राणीसारखी बसायची.

हे सगळं काजवालीला माहीत होतं. आणि छापखानेवाल्या काकांनाही.

पत्रक छापायला ती त्यांच्याकडेच गेली होती. काका शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता थांबले. 'तीन तास शांतता, त्यांच्यासाठी' एवढी ओळ झाली होती. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"अगं पोरी, हे ठमीबद्दल आहे का?"

"मुलांबद्दल आहे, काका."

"बरं," काका म्हणाले, आणि पुढची ओळ जुळवायला लागले. त्यांच्या 'बरं'मध्ये एवढं काही होतं, की तिला पत्रकं वाळायची वाट न बघताच घरी यावंसं वाटलं. आली, तर बोटांना शाई.

शनिवारी सकाळी ठमीचा बाप दारात चपला घालून उभा होता. "मी नेतो तिला. बस सुटायला अजून दहा मिनिटं आहेत."

"ठेकेदार बघायला येणारेत."

"बघायला? ती काय दुकानात मांडलीय?"

"तीनच तास आहेत. काढेन मी कसेतरी."

त्यानं ठमीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, काही न बोलता टोपी डोक्यावर चढवली आणि गेला. न बोलणारी माणसं या घरात दोन होती. त्यातल्या एकाचं न बोलणं काजवालीला जास्त लागायचं.

दहा वाजता ठेकेदारांनी हात वर केला आणि गल्ली बंद पडली.

एकामागून एक आवाज विझत गेले. सुताराची करवत, लॉण्ड्रीतली मोठी मशिनं, दुचाकी दुरुस्तीवाल्याचा हवेचा पंप, कुठल्यातरी खिडकीतला रेडिओ. शेवटी छापखाना. खट-धप्प, खट, आणि मग काहीच नाही. मग असे आवाज ऐकू यायला लागले जे कुणी कधी ऐकलेच नव्हते. कुणाच्या तरी नळाची टिपटिप, सुताराच्या दुकानात जमिनीवर पडलेल्या खिळ्याची किणकिण, दोन मजले वर कुणीतरी पान उलटलं ते. लोक दारांत, पायऱ्यांवर, खिडक्यांत बसले होते आणि एकमेकांकडे बघून हसू दाबत होते. फळवाला गिऱ्हाइकांशी खाणाखुणांनी भाव ठरवत होता, आणि त्यात त्याचं नुकसान होतंय हे सगळ्यांना दिसत होतं.

ठमीनं भिंतीवरून गाल काढला. तळवे तिथेच ठेवून तिनं मान वाकडी करून भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा गाल टेकला.

पहिला अर्धा तास काजवालीनं निभावून नेला. आपल्या मुठीनं भिंतीवर ठोकून पाहिलं, ठमीनं तिची मूठ धरून बाजूला केली. शिवणयंत्रही यंत्रच, ते चालवायची सोय नव्हती. बटणांची बरणी हलवून पाहिली. पाठीवर हातानं थाप, थाप, थाप. ठमी उठून दारापर्यंत जायची, परत यायची, भिंतीला हात लावायची, परत दार. दोघी मिळून खोलीत इतक्या फिरल्या की चटई दुमडून कोपऱ्यात गेली. अकराला ठमी भिंतीवर तळवा मारायला लागली. सव्वाअकराला तिच्या घशातून तो आवाज निघाला, लांब, खालच्या पट्टीतला, हंऽऽऽ असा. तो वाढत गेला.

"शूऽऽ!" समोरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

"शूऽऽ!" दुसरं कुणीतरी.

ज्या पोरीसाठी गल्लीनं तोंडाला कुलूप घातलं होतं तिलाच गल्ली गप्प करत होती, आणि तेही अगदी मनापासून. एक बाई तर ओठांवर बोट ठेवून, डोळ्यांत पाणी आणून करत होती.

"हा आवाज यंत्राचा नाही," कोपऱ्यावरून ठेकेदारांनी शांतपणे निर्णय दिला. "अटीत बसत नाही. चालू द्या." माणूस अटीला पक्का होता, दोन्ही बाजूंनी.

काजवालीनं ठमीला बस थांब्यापर्यंत न्यायचा प्रयत्न केला. एरवी जी पोरगी बसचं चित्र दाखवलं की आधी दारात उभी, तिनं खिडकीचा गज असा धरला की सोडवता सोडवता दोघींच्या बोटांना वळ उठले. बारा वर्षांची पोर, आईच्या खांद्याला लागलेली. ताकद आईइतकीच आणि हट्ट दोघींचा मिळून. मग ठमी भिंतीपाशी गेली आणि तळव्याच्या जागी कपाळ आपटलं.

एकदा. दुसऱ्या वेळी काजवालीचा हात मध्ये आला.

तो हात तिथेच ठेवून तिनं भिंतीलाच तोंड लावून हाक मारली, "काका!"

काका मागच्या दारानं आले. आत जे दिसलं ते बघून म्हणाले, "थांब. मोटर लावत नाही. हातानं चाक फिरवून बघतो. बाहेर जाणार नाही आवाज."

पलीकडे चाक फिरलं. खट. धप्प. भिंतीत जीव आल्यासारखं झालं. ठमी थबकली. तळवे लावले, गाल लावला. काजवालीनं श्वास सोडला आणि मनातल्या मनात काकांना शंभर वर्षांचं आयुष्य देऊन टाकलं. पण काका त्रेसष्ट वर्षांचे. दहाव्या-बाराव्या फेऱ्याला चाक जड व्हायला लागलं. खट. मग बराच वेळ. धप्प. खट, खट. मग काहीच नाही. मग धप्प. चटका बसावा तशी ठमी भिंतीपासून मागे उडाली. तिची भिंत तिला फसवत होती. आता ती आईच्या हातावर, भिंतीवर, आपल्याच मांडीवर, जिथे मिळेल तिथे कपाळ आपटू लागली, आणि घशातला आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

काका दारात परत आले तेव्हा घामानं निथळत होते. दोघांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

"काका, मोटर लावा."

"सव्वा तास राहिलाय गं."

"माहितीये."

"आणि तो बाहेर आलाय." काकांनी मानेनं खिडकीकडे खूण केली.

खिडकीतून काजवालीनं पाहिलं. गल्लीच्या मध्यावर औषधवालीचा भाऊ उभा होता. चौतीस वर्षांचा धिप्पाड माणूस, अंगात व्यवस्थित इस्त्रीचा सदरा, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. ती बटणं काजवालीनंच लावली होती, पण सदरा घालून उन्हात आलेला तिनं त्याला चार वर्षांत पाहिला नव्हता. त्याच्या लहानपणी केंद्रबिंद्र नव्हतं, होते ते फक्त लोकांचे सल्ले. दिवसा गल्लीत इतका कल्ला असायचा की तो औषधाच्या दुकानावरच्या खोलीत खिडक्या लावून, कानांत कापूस घालून बसायचा आणि बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचायचा. आज तो एका हातानं भिंत चाचपत, दुकानांच्या पाट्या वाचत पुढे चालला होता. प्रत्येक पाटी हळू, पूर्ण, फोन नंबरासकट. लोकांनी पाय आखडून वाट करून दिली होती. ठमीचा आवाज त्याला लागत होताच. मधूनच खांदे उडायचे. पण तो थांबत नव्हता. त्याच्या दहा पावलं मागे त्याची बहीण, दोन्ही हात तोंडावर दाबून.

केंद्राचं वर्षभराचं भाडं, बावीस मुलं, हा एक माणूस. आणि इकडे तळव्याखाली ठमीचं तापलेलं कपाळ. काजवालीनं कुणाला तोलून पाहिलं नाही. ठमीनं पुढचा टोला दिला तेव्हा तिच्या हाताच्या हाडात कळ गेली, आणि तिला एवढंच कळलं की हे अजून सव्वा तास चालणं शक्य नाही.

"दोन मिनिटं धरा हिला," ती काकांना म्हणाली आणि बाहेर पळाली.

"मी यंत्र चालू करायला सांगतेय," ती औषधवालीच्या कानाशी लागून म्हणाली. "दादाला आत घे."

औषधवालीनं तोंडावरचे हात काढले. "वेडी झालीस का? त्याच्याकडे बघ तरी!"

"बघितलं."

"चार वर्षांनी आलाय तो. चार वर्षांनी!"

"ती डोकं फोडून घेतेय गं."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. सात वर्षांपूर्वी केंद्राचा पत्ता काजवालीला हिनंच दिला होता, औषधाच्या कागदी पिशवीवर लिहून. फार बोलावं लागायचं नाही दोघींना.

"पाच मिनिटं दे," औषधवाली म्हणाली. "सुताराच्या पाटीपर्यंत जाऊ दे त्याला. त्यानं सकाळी म्हटलंय, सुताराची पाटी वाचणार म्हणून. तेवढी वाचू दे. मग मी नेते."

"पाच."

"पाच."

ती पाच मिनिटं काजवाली भिंत आणि ठमी यांच्या मध्ये बसली. तिनं उशी मध्ये धरून पाहिली, ठमीनं फेकली. तिला हाडच हवं होतं, भिंतीचं नाही तर आईचं. म्हणून काजवालीनं स्वतःचा खांदा दिला. काका छापखान्यात जाऊन मोटरच्या बटणावर बोट ठेवून उभे राहिले आणि भिंतीपलीकडून मिनिटं सांगू लागले. "एक झालं गं." टोला. "दोन झाली." तिला वाटलं, आत्ताच ओरडावं, लावा म्हणून. कोण मोजतंय? ती ओरडली नाही. ठमीच्या केसांत तोंड खुपसून ती दातांवर दात दाबून बसली, आणि पाचव्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःच पुढे-मागे डुलतोय, ठमीसारख्या.

"पाच झाली," काका म्हणाले.

"लावा."

खट-धप्प. खट-धप्प. खट-धप्प.

ठमीनं आणखी एक टोला अर्ध्यावर आणून सोडून दिला. आईला बाजूला ढकललं, सरळ, एखादं स्टूल ढकलावं तसं, आणि भिंतीला चिकटली. तळवे, गाल, पोट, गुडघे. हंऽऽ हळूहळू उतरत गेलं आणि यंत्राच्या आवाजात मिसळून ऐकू येईनासं झालं. काजवाली जमिनीवरच बसून राहिली असती, पण बाहेर गल्ली आता बोलू लागली होती.

ती बाहेर आली. औषधवालीचा भाऊ दोन्ही कानांवर हात दाबून घराकडे चालला होता. पळत नव्हता. भरभर, खाली मान घालून. बहीण त्याच्या बाजूनं चालत होती, हात न लावता. ठेकेदारांनी घड्याळ पाहिलं, वही मिटली आणि ते खुर्चीतून उठले.

"बाराला आठ कमी," ते म्हणाले. "ताई, मला वाईट वाटतंय. पण अट म्हणजे अट."

"तुमचं बरोबर आहे," काजवाली म्हणाली. "चूक माझी आहे. मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं." आणि मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पायरीवर चढली. खांदा दुखत होता. "माझ्या मुलीला आवाज लागतो. या यंत्राचा. तो बंद झाला की तिचं असं होतं. मला माहीत होतं. पण सभेत मी सगळं नीट सांगत होते तेव्हा तुम्ही जांभया देत होता, म्हणून मी सोपं करून सांगितलं."

मग सुताराची बायको म्हणाली, "म्हणजे दोन तास आम्ही तोंडं शिवून बसलो ते कुणासाठी?"

"त्याच्यासाठी," काजवाली औषधाच्या दुकानाकडे बोट दाखवून म्हणाली. "आणि केंद्रातल्या दहा-बारा मुलांसाठी. ते खोटं नव्हतं."

"आणि उरलेली?"

"उरलेल्यांचं प्रत्येकाचं निराळं आहे."

"हे तर तुम्ही सभेत सांगत होता," दुसऱ्या रांगेतले ते आजोबा म्हणाले. त्यांना उगाचच स्वतःचा राग आल्यासारखा दिसला.

पण सगळे आजोबांसारखे नव्हते. दुचाकी दुरुस्तीवाला पंप चालू करता करता कुणाला तरी म्हणाला, की आपल्याला उल्लू बनवलं. दोघा-तिघांनी दोरीवरची आपली पत्रकं, ज्यांवर त्यांनी देणगीचा आकडा लिहून अडकवला होता, चिमटा काढून खिशात घातली. केंद्राच्या मोठ्या बाई आल्या त्या सगळ्यांत शेवटी. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं," त्या म्हणाल्या. "पण मी तुमच्या जागी नाही ना. मला सोमवारी बावीस घरांना फोन करायचाय."

काजवालीनं मान हलवली. ती दोरीपाशी गेली आणि उरलेली पत्रकं मोजायला लागली, मग थांबली. मोजून काय करायचं होतं? ठेकेदारांच्या वाट्याशिवाय ते निम्मंच होणार, हे तिला न मोजताही माहीत होतं. निम्म्याच्याही खाली.

ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. दुपारी जेवण समोर घेतलं आणि उभ्यानंच दोन घास खाल्ले. ठमी भिंतीला टेकून झोपली होती, कपाळावर टेंगूळ, ओठ उघडे. काका म्हणाले होते, आज चारपर्यंत यंत्र चालू ठेवतो, काम असो नसो, तुला कुठे जायचं असेल तर जा.

जायचं होतं. कुठे ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

तिनं चपला घातल्या आणि दार उघडलं, तर दारात औषधवाली. डोळे रडून सुजलेले, खांद्याला पर्स.

"मला तुझा राग आलाय," औषधवाली म्हणाली.

"हो."

"आज जायचा नाही तो. उद्याही नाही."

"दादा कसाय?"

"खिडक्या लावून बसलाय. पण सुताराची पाटी वाचली त्यानं. आल्यापासून तीच म्हणतोय. 'दारे, खिडक्या, पलंग, ऑर्डरप्रमाणे.' चाळीसदा झाली असेल." तिनं नाक पुसलं. "कुठे निघालीस?"

"घरोघरी. पुन्हा."

"कुठून सुरू करणार?"

"ठेकेदारांकडून."

"तो दार लावून घेईल तोंडावर."

"लावू दे. निदान ते काम तरी एकदाचं होईल."

औषधवालीनं तिच्या खांद्याकडे पाहिलं. ब्लाउजची बाही सुजेनं घट्ट झाली होती. पर्समधून मलमाची नळी काढून तिनं ती काजवालीच्या हातात कोंबली, जरा जोरातच. "चल. राग घेऊनही चालता येतं मला."

ठेकेदारांचं घर पलीकडच्या रस्त्याला, त्यांनीच बांधलेलं आणि म्हणून एकही भेग नसलेलं. घंटा वाजवली. आत पावलं वाजली. काजवाली एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. दार उघडलं ते ठेकेदारांच्या बायकोनं. हाताला साबण, कपाळाला आठ्या.

"ते झोपलेत. काय हवंय?"

"माझ्या मुलीला आवाज लागतो," काजवाली म्हणाली.

"माझ्या भावाला आवाज सोसत नाही," औषधवाली म्हणाली. त्याच दमात.

दोघी गप्प झाल्या. दोघींनी पुन्हा तोंड उघडलं, तेही एकदमच.

ठेकेदारांची बायको आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिली. मग तिनं हात पदराला पुसले.

"एकेक बोला," ती म्हणाली. "आणि दारात नको. हे काही उभ्या उभ्या सांगून व्हायचं दिसत नाही. आत या, बसा."

आतल्या भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते. चारला यंत्र बंद होणार होतं. काजवाली खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली, हातातली नळी फिरवत औषधवालीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू आधी सांग. सगळं सांग."